वेणूच्या शिशीतला दात

१

सोमवारी सकाळी गुणाबाईंनी दवाखान्यातले काचेचे कपाट पाहिले आणि त्या दाराकडे धावल्या. कपाटाचे मधले दोन्ही कप्पे रिकामे होते. शनिवारपर्यंत तिथे बोटाएवढ्या शिश्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक शिशीत थोडे स्पिरिट, त्यात एका मुलाचा काढलेला दात, आणि बाहेरच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले त्या मुलाचे नाव व वय. आता तिथे धुळीत शिश्यांच्या बुडांचे गोल ठसे तेवढे उरले होते.

गुणाबाई दवाखान्यातल्या परिचारिका. त्यांनी पहिली हाक मारली ती समोरच्या मुलींच्या शाळेत, मुख्याध्यापिका हेप्झिबा झिराडकर यांना. त्याला कारण होते. गरीब घरांतल्या मुलांच्या दातांच्या उपचाराला सरकारने मदत द्यावी, अशी योजना दोन वर्षांपूर्वी पनवेल तालुक्यात आली होती, आणि तिच्या स्थानिक समितीच्या हेप्झिबाबाई चिटणीस होत्या. कुटुंब गरजू आणि सद्वर्तनी आहे असा दाखला त्यांनी द्यायचा. उपचार डॉक्टर जुडाह चेऊलकर यांनी करायचा. आणि काढलेला दात तपासणीपर्यंत जपून ठेवायचा. दात दिसला तर मदत मंजूर. हा शेवटचा नियम मुंबईतल्या कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाला होता. खोट्या नावांवर कुणी मदत लाटू नये, इतकाच त्याचा हेतू होता. तपासणी बुधवारी होती.

हेप्झिबाबाई आल्या तेव्हा जुडाह खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. दोघेही इस्रायल आळीतले, बेने इस्राएल ज्यू. तो लहान असताना त्यांनीच त्याची बाराखडी घोटून घेतली होती. महिन्याभरात तो बायकामुलांसह इस्राएलला निघणार होता. आळीतली अर्धी घरे आधीच रिकामी झाली होती.

"गेले ते गेले, हेप्झिबाताई," तो वळून म्हणाला. "चोरीची वर्दी देऊ. नुकसान चोराने केलं, मुलांनी नाही, एवढं सरकारला कळेल."

"चोर दातांचं करील काय?"

"दातांचं कशाला, स्पिरिटचं!" कंपाउंडर दयाराम तोंडातले पान गालात सारत म्हणाला. "दारूबंदी आल्यापासून लोक काय काय पितात, तुम्हांला कल्पना नाही, बाई. दात गाळून प्यायला असेल मेला."

हेप्झिबाबाईंची नजर कपाटाच्या खालच्या कप्प्यावर गेली. स्पिरिटची मोठी बरणी, गळ्यापर्यंत भरलेली, तिथे जशीच्या तशी होती.

दुपारपर्यंत शिपायांनी शिश्या शोधून काढल्या. त्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या पांडू कातकऱ्याच्या खोपटात निघाल्या. सगळ्या रिकाम्या. पांडूला कामावरूनच चौकीत नेऊन बसवले.

ते ऐकून हेप्झिबाबाईंना आधी चिंगी आठवली. पांडूची मुलगी चिंगी हिचा जबडा महिनाभर सुजलेला होता. आतल्या पुवाने हाड किडत चालले होते, आणि हे आपल्या हातचे काम नव्हे असे जुडाहने केव्हाच सांगितले होते. मुंबईच्या दंत-इस्पितळात खाट मिळणार होती, पण मंजुरीचे पत्र असेल तरच. त्या पत्रावर बुधवारी येणारा अधिकारी सही करणार होता. पत्रासोबत लागणारा सद्वर्तनाचा दाखला हेप्झिबाबाईंच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. बाप चोर ठरला, तर तो दाखला त्या देणार कशा?

२

"या बाई, बसा," फौजदार म्हणाले. "हा तुमचा सद्वर्तनी मनुष्य. हे कातकरी रामाच्या वानरसेनेचे वंशज म्हणे! चोरीही धड जमली नाही. पट्ट्यांसकट शिश्या घरातच ठेवल्या."

पांडू भिंतीशी उकिडवा बसला होता. त्याने वर पाहिले नाही.

"पांडू, मला खरं सांग. शिश्या कुठून आल्या?"

"बाई, किती येळा सांगू? धोंडीला गावल्या, माझ्या बायकोला. देवाळ्या तळ्याच्या काठाला. रिकाम्या व्हत्या. मध भराया बऱ्या म्हून उचलल्या. आमाला वाचाया येतं का, त्यावर कोनाचं नाव हाय ते?"

"तुला दवाखान्यातल्या शिश्या ओळखता येत नाहीत?"

"मी रातच्याला आलो. तिनं टोपल्यात झाकल्या व्हत्या. सकाळच्याला उठून मी कामावर. मंग शिपायच आलं." त्याने पहिल्यांदाच वर पाहिले. "बाई, चिंगीचं पत्र येईल ना?"

हेप्झिबाबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. फौजदारांच्या टेबलावरच्या शिश्यांचा ढीग त्या पाहू लागल्या. कित्येक पट्ट्या फुगून सुटल्या होत्या; उरलेल्यांचा कागद पाण्यात भिजून मग वाळल्यासारखा खरखरीत झाला होता. पेन्सिलीची अक्षरे तेवढी शाबूत होती. आणि जवळजवळ प्रत्येक शिशीला बूच होते, नीट दाबून बसवलेले. पिणारा माणूस शिशी फेकतो. तो तिला पुन्हा बूच कशाला लावील?

"फौजदारसाहेब, या शिश्या पाण्यात होत्या."

"असतील. धुतल्या असतील त्याने."

"आणि दात? झोपडीत, अंगणात एकतरी दात सापडला?"

"बाई, मी दात वेचायला नोकरीला लागलो नाही."

तेवढ्यात हेप्झिबाबाईंच्या हाताखालची एक शिशी किंचित खुळखुळली. तिच्यात एक दात होता. त्याच्या फाकलेल्या मुळ्या शिशीच्या खांद्यात अडकून बसल्या होत्या, त्यामुळे ओतताना तो बाहेर पडला नव्हता. हेप्झिबाबाईंनी शिशी उजेडाकडे धरली. पट्टीवर जुडाहच्या अक्षरात लिहिले होते : वेणू, वय सात.

दाढ मोठी होती. वरचा भाग वर्षानुवर्षे भाकरी चावून सपाट झिजलेला, आणि कडेला, मुळांपाशी, मिश्रीचा काळा, पक्का थर.

सात वर्षांच्या मुलीच्या तोंडात म्हातारीची दाढ?

"ही मी नेऊ का?"

"न्या, न्या," फौजदार हसले. "मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

३

दयाराम औषधे खलत होता. हेप्झिबाबाईंनी स्टूल ओढले आणि सरळच विचारले, "दयाराम, मोठ्या बरणीतलं स्पिरिट कोण काढतं?"

खलबत्ता थांबला. त्याने दाराकडे एकदा पाहून घेतले.

"बाई, शपथेवर सांगतो, शिश्यांना मी हात लावलेला नाही. बरणीतलं… कधीमधी… बायकोच्या आजारपणात फार ओढाताण झाली हो. काढलं तेवढं पाणी घालून ठेवतो. कोणाला कळतसुद्धा नाही."

"मला कळलं. बरणी नेहमी गळ्यापर्यंत भरलेली असते. असा दवाखाना मी दुसरा पाहिला नाही."

"डॉक्टरसाहेबांना सांगू नका. आणि परवाच्या त्या कारकुनालाही नको."

"कोणत्या कारकुनाला?"

"तपासणीच्या हो. गेल्या साली आला होता तोच ना? शिश्या मोजल्या, चहा ढोसला, गेला. दात आहेत की चिंचोके, पाहिलंसुद्धा नाही."

हेप्झिबाबाईंनी स्टूल मागे सारले. दयारामवर त्यांचा राग होता, पण एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. ज्याला स्पिरिट हवे, तो बरणीतून घेतो आणि वर पाणी ओततो. तो दात भिजवलेल्या शिश्यांच्या वाटेला जात नाही.

गुणाबाई आतल्या खोलीत डब्यात शंकरपाळे भरत होत्या.

"त्या कारकुनाला आवडतात," त्या म्हणाल्या. "शिश्या नाहीत तर निदान तोंड तरी गोड करावं. पण मी म्हणते बाई, झालं ते बरंच झालं. त्या कातकरणी बाकावर येऊन बसायच्या आणि आपली माणसं उभी. वर चोरटेपणा! आतून बाहेर आल्या की प्रत्येकीने पदराची गाठ अश्शी मुठीत धरलेली. कापूस म्हणा, औषध म्हणा, काहीतरी उचलून नेत असणारच."

"तुम्ही कधी गाठ सोडून पाहिलीत?"

"शी! त्यांच्या पदराला कोण हात लावील?"

हेप्झिबाबाई बाहेर ओट्यावर आल्या. पर्समधली दाढ त्यांना जड वाटू लागली होती. एकच सरळ अर्थ दिसत होता आणि तो त्यांना नको होता. मुलांवर उपचार झालेच नाहीत. पैसे देणाऱ्या मोठ्या रोग्यांचे दात काढून मुलांच्या नावांच्या शिश्यांत भरले, आणि वर मदत घेतली. त्या नावांखाली दाखल्यांवर सही कुणाची होती? त्यांचीच.

४

बेलपाड्याच्या वाटेवर, टेकडीच्या पायथ्याशी कातकरवाडी होती. मंगळवारी शाळा सुटल्यावर हेप्झिबाबाई तिथे पोचल्या. वेणूची आई ठमाबाई लाकडे फोडत होती. बाईंना पाहून तिने कुऱ्हाड ठेवली आणि मुलीला पुढे ढकलले.

"तोंड उघड गं. बाईंना दाव."

वेणूने आ केला. खालच्या बाजूला दाढेची जागा रिकामी होती. हिरडी भरून आलेली, गुलाबी, निरोगी. आणि मधोमध नव्या दाढेची पांढरी कड तांदळाच्या कणीएवढी वर आलेली. काम सफाईचे होते. जुडाहच्या हाताचे.

म्हणजे उपचार झाला होता.

"ठमाबाई, काढलेला दात कुठं गेला?"

ठमाबाईने बाईंकडे अशा नजरेने पाहिले, की जणू सूर्य कुठे उगवतो असे कुणी विचारले असावे.

"कुठं म्हंजी? शेनात गुंडाळला न् खोपटावर टाकला. दुधाचा दात परक्याच्या घरी ठेवत्यात व्हय? मंग नवा वाकडाच येतो."

"पण दवाखान्याचा नियम…"

"डाक्टर पयल्यांदा बोलला, सरकारला दावाया पायजे. म्या बोलली, मंग पोरीचा दात काढूच नको. आमी जातो घरी. तवा दिला त्यानं. समद्यांनाच देतो. फकस्त म्हनतो, पदराला बांधा न् कोनाला बोलू नका. तो मानूस चांगला हाय, बाई."

गुणाबाईंनी पाहिलेली प्रत्येक पदराची गाठ हेप्झिबाबाईंच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांच्या आईनेही त्यांचा पहिला दात शेणाच्या गोळीत घालून इस्रायल आळीतल्या कौलांवर फेकला होता. जुडाहच्या आईनेही त्याचा फेकला असणार. आळी आणि वाडी यांच्यात हजार गोष्टींचे अंतर होते, पण या एका गोष्टीत नव्हते. नियम लिहिणाऱ्याची आई कोणत्या घरातली होती, कुणास ठाऊक.

पलीकडच्या खोपटात धोंडी चिंगीला मांडीवर घेऊन बसली होती. चिंगीचा गाल तांबडा, ताणलेला होता. तिला पेज द्यायला धोंडी बोटाने ओठ वर करत होती.

"बाई," धोंडी म्हणाली, "त्या शिश्या म्या नसत्या उचलल्या तर?"

परतीच्या वाटेवर त्या वाक्याने हेप्झिबाबाईंची पाठ सोडली नाही. चोर कोण हे त्यांना आता कळले होते. फक्त त्याच्या तोंडून ते ऐकायचे होते.

५

जुडाहच्या घरात अर्ध्या वस्तू पेट्यांत गेल्या होत्या. हेप्झिबाबाईंनी मिश्री लागलेली दाढ काढून टेबलावर ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिले आणि खुर्चीत बसला.

"दात तळ्यात ओतलेस, पण शिशी रिकामी झाली का ते पाहिलं नाहीस," त्या म्हणाल्या. "बूच मात्र परत लावलंस."

"हाताची सवय," तो पुटपुटला. "बूच लावलेली रिकामी शिशी बुडत नाही, हे लक्षातच आलं नाही. सगळ्या तरंगत काठाला लागल्या असणार."

"तुला मी कसं ओळखलं, विचारणार नाहीस?"

"विचारून काय करू?"

"ऐक तरी. चोराला स्पिरिट नको होतं; बरणी तशीच होती. त्याला शिश्याही नको होत्या. त्याला दात नाहीसे करायचे होते, आणि ते बुधवारच्या आत. का? गेल्या वर्षीचा कारकून येणार असता तर ते दात आणखी दहा वर्षं खपले असते. दयाराम कालपर्यंत कारकुनाचीच वाट पाहत होता. गुणाबाईंनी त्याच्यासाठी शंकरपाळे तळले. कारकून येणार नाही, दंत महाविद्यालयातले प्राध्यापक येणार आहेत, ही तार माझ्या हातात शुक्रवारी पडली. मुलाचा दात कोणता आणि म्हातारीचा कोणता, हे एका नजरेत सांगणारा माणूस! शनिवारी प्रार्थना संपल्यावर सिनेगॉगच्या अंगणात मी ती बातमी एकाच माणसाला दिली. केवढ्या आनंदाने दिली, जुडाह! म्हटलं, आता तुझ्या कामाची कदर होईल."

जुडाहने बोटाने दाढ उलटी केली. मग म्हणाला, "तारे दिसेपर्यंत थांबलो. शब्बाथचा विसावा मोडला नाही. बाकी सगळं मोडलं."

"त्या बायकांना दात दिलेस, ते चांगलंच केलंस. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दाखल्यावर सही केली असती?"

हेप्झिबाबाईंना उत्तर माहीत होते. केली नसती.

"मी वर दोनदा लिहिलं," तो पुढे बोलू लागला. "म्हटलं, हे लोक दात ठेवू देत नाहीत, दुसरी काही खूण मान्य करा. उत्तर आलं, नियमात बदल होणे नाही. मग मी मोठ्या रोग्यांचे दात भरले. ताई, पोरं कण्हत होती. वाट बघू म्हणून त्यांना परत पाठवायला हवं होतं का?"

"इथवर मी तुझ्या बाजूची आहे. पण पांडूला नेलं तेव्हा तू खिडकीत उभा होतास."

"दोन दिवसांत सोडतील असं वाटलं. चोरी ठरली तर योजना टिकेल. लबाडी ठरली तर बंद होईल. आणि माझे कागद… माझ्यावर चौकशी लागली तर आम्हांला जाता येणार नाही."

"योजना, की कागद? यातलं आधी काय आठवलं?"

तो उठून एका पेटीचे झाकण बसवू लागला.

"पांडू वाळत घातलेल्या कापसाच्या बोळ्यांवर बसलेली माशीसुद्धा तुझ्यासाठी हाकलत होता," हेप्झिबाबाई उठता उठता म्हणाल्या. "उद्या प्राध्यापकांपुढे तू बोलशील, नाहीतर मी बोलेन."

६

तो बोलला. प्राध्यापकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते सज्जन होते. त्यांनी आवाज चढवला नाही. फौजदारांना निरोप गेला आणि पांडू सुटला.

"तुमचं मला पटतं," ते हेप्झिबाबाईंना म्हणाले. "पण मी पटलेलं लिहू शकत नाही, पाहिलेलं लिहितो. मुलं आणा. त्यांच्या तोंडांत उपचार दिसला, तर दातांची गरज नाही."

हेप्झिबाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतः वाडीवाडीत माणसे पाठवली. दुपारी दवाखान्याच्या अंगणात मुलांची रांग लागली. प्राध्यापक एकेकाचे तोंड उघडून पाहू लागले. आणि जसजशी रांग पुढे सरकली, तसतसा त्यांचा चेहरा पडत गेला.

दीड-दोन वर्षांत मुलांचे नवे दात आले होते. पांढरे, सरळ, मजबूत. जिथे किडलेला दात होता तिथे धडधाकट दात उभा होता, आणि खाली पूर्वी काय होते याची कसलीही खूण उरलेली नव्हती. वेणूसारखी दोन-चार मुले सोडली तर उपचार इतका चांगला झाला होता, की तो झाला होता असे सांगता येत नव्हते.

"हे निरोगी मूल आहे," प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले. "यावर मी काय लिहू, बाई? शिश्यांत दुसऱ्यांचे दात होते, असं तुमचे डॉक्टर स्वतः सांगताहेत."

त्यांनी लिहिले. योजना चौकशीपर्यंत स्थगित झाली. चिंगीला त्यांनी आपल्या हातांनी तपासले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ताबडतोब मुंबईला न्या म्हणून सांगितले. पण मंजुरीचे पत्र ज्या योजनेचे, तीच उरली नव्हती. सही कशावर करायची?

पत्राशिवाय खाट मिळवायला हेप्झिबाबाईंना खेटे घालावे लागले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, या साहेबाकडून त्या साहेबाकडे. तोवर श्रावण उलटून भाद्रपद लागला. चौकशीत जुडाहला ताकीद मिळाली आणि जायची परवानगीही मिळाली. बोटीवर चढण्याआधी तो वाडीत गेला होता. पांडू खोपटाबाहेर आला, त्याने नेहमीसारखे हात जोडले, आणि दार ओढून घेतले.

शेवटी चिंगीला खाट मिळाली, तेव्हा किडलेल्या दातासोबत जबड्याच्या हाडाचा एक तुकडाही काढावा लागला. जीव वाचला. चेहरा एका बाजूने आत गेला, तो कायमचा.

शस्त्रक्रियेनंतर परिचारिका झाकलेला ट्रे घेऊन बाहेर आली. धोंडीने पुढे होऊन ओंजळ धरली.

"दात द्या माजा. पोरीचा."

"तो इथेच राहतो," परिचारिका म्हणाली. "तपासणीला जातो. नियम आहे." आणि कुणीतरी आतून बोलावले म्हणून ट्रे बाकावर ठेवून ती गेली.

धोंडीने ओंजळ मागे घेतली नाही. ती हेप्झिबाबाईंकडे पाहत राहिली. बाईंनी सगळे आयुष्य मुलींना नियम शिकवण्यात घालवले होते. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिले, कापड उचलले, दात घेतला, धोंडीच्या पदराच्या टोकाला गाठ मारली आणि तिची मूठ त्यावर घट्ट मिटवली.

"घरी जाऊन टाक खोपटावर," त्या म्हणाल्या.

"नवा सरळ येईल ना, बाई?"

जिथे नवा दात यायचा ती जागाच आता चिंगीच्या तोंडात उरलेली नव्हती. हेप्झिबाबाईंनी मान हलवली. येईल, अशी.